हृदयरुग्णाची परिचर्या : पहाऱ्याचे शास्त्र

हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे आज जगातील मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे या विकारांनी दगावली. म्हणजे त्या वर्षी जगात झालेल्या दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ एक मृत्यू या कारणाने झाला. या विकारांवरील उपचारांची चर्चा निघाली की अँजिओप्लास्टी, बायपास शस्त्रक्रिया, नवी औषधे आणि त्यांतले तज्ज्ञ डॉक्टर यांचा उल्लेख हटकून होतो. परंतु दाखल झालेल्या रुग्णापाशी डॉक्टर दिवसातून काही मिनिटे असतात, तर परिचारिका पाळीपाळीने रात्रंदिवस असतात. आणि हृदयविकारात रुग्णाची प्रकृती ज्या वेगाने पालटते तो वेग पाहता, जवळ असणाऱ्या माणसाला काय दिसते, त्याचा अर्थ त्याला किती कळतो आणि कळल्यावर तत्काळ कृती करण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, यावर अनेकदा जीव अवलंबून असतो. हृदयरुग्णाच्या परिचर्येचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास हा या जाणत्या पहाऱ्याचा आणि त्याला मिळालेल्या अधिकाराचा इतिहास आहे.

या परिचर्येमागचे शास्त्र समजण्यासाठी हृदयाचे काम थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त शरीरभर ढकलते. या अखंड श्रमासाठी हृदयाच्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते आणि ते त्याला हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या करोनरी धमन्यांमधून मिळते. या धमन्यांच्या आतल्या अस्तरात चरबीयुक्त थर साचत जातो, एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि धमनी बंद पडते. तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू रक्ताअभावी मरू लागतो, आणि यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही, म्हणून या आजारात वाया गेलेला वेळ भरून काढता येत नाही.

विश्रांतीकडून दक्षतेकडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटका आलेल्या रुग्णाचा मुख्य उपचार विश्रांती हाच होता. चार ते सहा आठवडे रुग्णाला अंथरुणावर जवळजवळ निश्चल ठेवीत, त्याला भरवीत, त्याचे अंग पुसून देत आणि कूससुद्धा दुसऱ्याच्या मदतीने बदलायला लावीत. दुबळ्या हृदयावर ताण पडू नये हा त्यामागचा हेतू होता. परंतु दीर्घकाळ निश्चल राहिल्याने पायाच्या शिरांत रक्त गोठते, ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते आणि हृदय सावरत असलेला रुग्णही त्यामुळे दगावू शकतो. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तो धाडसी विचार वाटला. आज मात्र गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला पहिल्या एक-दोन दिवसांतच बसवतात आणि हळूहळू चालवतात.

विश्रांतीने न टळणारा आणखी एक धोका होता. झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत हृदयाच्या खालच्या कप्प्यांची सुसूत्र आकुंचने थांबून तिथे नुसती दिशाहीन थरथर सुरू होऊ शकते. तिला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. अशा थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही, रुग्ण काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि कोणताही उपाय न झाल्यास दर मिनिटाला त्याच्या वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून विजेचा धक्का देऊन हृदयाची लय पूर्ववत करून दाखवली, आणि १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील काउवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छातीवर तालबद्ध दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे सिद्ध केले. म्हणजे साधने हाती आली होती. अडचण अशी होती की झटक्याचे रुग्ण निरनिराळ्या वॉर्डांत विखुरलेले असत आणि कोणाच्या लक्षात येऊन डॉक्टर पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असे.

एडिंबरो येथील तरुण डॉक्टर डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ मध्ये यावर तोडगा सुचवला. असे सर्व रुग्ण एका जागी ठेवावेत, त्यांच्या हृदयाचा विद्युत आलेख सतत पडद्यावर दिसत राहावा आणि लय बिघडताच उपाय करू शकतील अशी प्रशिक्षित माणसे तिथे अहोरात्र असावीत, असा तो विचार होता. १९६२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये डॉ. ह्यूज डे यांनी बेथनी रुग्णालयात अकरा खाटांचा असा विभाग सुरू केला. त्याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी या कल्पनेतील खरा मर्मबिंदू ओळखला : चोवीस तास प्रत्येक खाटेजवळ डॉक्टर ठेवणे शक्य नाही, तिथे जी असते ती परिचारिका, म्हणून आलेख वाचणे, घातक लय ओळखणे आणि डॉक्टरांची वाट न पाहता विजेचा धक्का देणे हे तिलाच शिकवले पाहिजे आणि तसे करण्याची मुभाही तिला दिली पाहिजे. तोवर रोगनिदान आणि निर्णय हा केवळ डॉक्टरांचा प्रांत मानला जात असल्यामुळे हे पाऊल क्रांतिकारक ठरले. मेल्टझर, पिनिओ आणि त्यांचे सहलेखक किचेल यांनी १९६५ मध्ये परिचारिकांसाठी लिहिलेले या विषयावरील पुस्तक पुढे अनेक देशांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरले गेले.

या विभागांमुळे झटक्यानंतर रुग्णालयात होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून जवळजवळ निम्म्यावर आले. गुठळी विरघळवणारी औषधे आणि अँजिओप्लास्टी त्या वेळी अजून प्रचारात आलेली नव्हती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिली मोठी घट झाली ती सतत ठेवलेल्या लक्षामुळे आणि जागच्या जागी झालेल्या कृतीमुळे. आपल्याकडे ‘आयसीसीयू’ म्हणून जो हृदयरोग अतिदक्षता विभाग ओळखला जातो, त्याचा पाया हाच आहे.

पहिले काही तास

छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत परिचारिकेचे पहिले काम ऐकण्याचे असते. मराठी रुग्ण ‘छातीत दुखते’ असे दर वेळी म्हणतोच असे नाही. तो ‘छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले’, ‘कळ हातात उतरली’, ‘जीव घाबरा झाला’ असे सांगतो, आणि पुष्कळदा ‘पित्त झाले आहे’ किंवा ‘गॅस धरला आहे’ असे निदानही स्वतःच करून मोकळा होतो. जबड्यात, खांद्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवणारी वेदना, दरदरून फुटलेला घाम, मळमळ आणि अकारण आलेला गळाठा या खुणा अनुभवी परिचारिका एकत्र जुळवते. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात तर वेदना नसतानाही केवळ धाप किंवा कमालीचा थकवा एवढ्याच रूपात झटका येऊ शकतो, म्हणून अशा रुग्णांना रांगेत बसवून न ठेवता त्यांचा ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, आल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढला जावा, असा नियम आहे.

त्यानंतरची कामे एकामागून एक न होता बरोबरच होत असतात. शिरेत सुई बसवून औषधांचा मार्ग खुला केला जातो, रक्ताचे नमुने घेतले जातात, नाडी, रक्तदाब, श्वसनाचा वेग व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण नोंदवले जाते आणि डॉक्टरांच्या आदेशानुसार ॲस्पिरिन चावून खायला दिली जाते. प्राणवायूविषयीची समजूत अलीकडे बदलली आहे : पूर्वी झटक्याच्या प्रत्येक रुग्णाच्या नाकाला नळी लावली जात असे, परंतु स्वीडनमध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तातील प्राणवायू पुरेसा असणाऱ्या रुग्णांना जादा प्राणवायू दिल्याने मृत्यू टळत नाहीत असे दिसून आले. म्हणून आता हे प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली गेले किंवा श्वासाचा त्रास असला तरच प्राणवायू देतात.

जिथे अँजिओप्लास्टीची सोय वेळेत मिळू शकत नाही तिथे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देतात, आणि महाराष्ट्रातील तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी अनेक रुग्णांचा जीव यावरच तगतो. स्ट्रेप्टोकायनेज हे अशा औषधांपैकी जुने व स्वस्त औषध १५ लाख युनिट इतक्या मात्रेत अर्ध्या ते एक तासात थेंबाथेंबाने सोडले जाते. या तासाभरात रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, अंगावर पित्त उठू शकते, लयीत बिघाड होऊ शकतो आणि गुठळी विरघळवणारे हेच औषध शरीरात अन्यत्र रक्तस्राव घडवू शकते. म्हणून परिचारिका दर काही मिनिटांनी रक्तदाब घेते, हिरड्या, लघवी, सुईच्या जागा यांवर नजर ठेवते, स्नायूत इंजेक्शन देणे टाळते, आणि रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे डोके फार दुखू लागले तर मेंदूतील रक्तस्रावाच्या शंकेने तत्काळ डॉक्टरांना बोलावते. याच कौशल्यावर विसंबून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये ‘मिशन दिल्ली’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात प्रशिक्षित परिचारकांची जोडी मोटारसायकलवरून रुग्णाच्या घरी जाऊन ईसीजी काढत असे आणि एम्समधील डॉक्टरांच्या सल्ल्याने गुठळीवरील औषध तिथेच सुरू करू शकत असे.

यंत्रांनी वेढलेला माणूस

अँजिओप्लास्टीनंतर, म्हणजे अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करून तिथे स्टेंट ही जाळीदार नळी बसवल्यानंतर, धोका पुष्कळ प्रमाणात सुईच्या जागेपाशी सरकतो. नळी मनगटातून घातली असेल तर तिथे बांधलेल्या पट्टीखालच्या हाताचा रंग, ऊब आणि बोटांची संवेदना पाहिली जाते. जांघेतून घातली असेल तर पाय काही तास सरळ ठेवायला सांगून पावलावरची नाडी वारंवार तपासली जाते. जांघेतली सूज, कंबरेत अचानक उठलेली कळ आणि उतरणारा रक्तदाब यांचा एकत्रित अर्थ आतल्या आत रक्त वाहत असल्याचा असू शकतो, आणि बाहेर रक्ताचा एक थेंब दिसत नसताना हे ओळखणे ही निरीक्षणाची खरी परीक्षा असते.

बायपास शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड कापून तारांनी पुन्हा जोडलेले असते आणि ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही आणि खोकायला घाबरतो, त्यामुळे फुप्फुसात कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. उशी छातीशी धरून खोकावे, तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढून चेंडू वर न्यावेत, उठताना हातावर जोर न देता कुशीवर वळून उठावे, या गोष्टी परिचारिका व फिजिओथेरपिस्ट पुन्हा पुन्हा करवून घेतात. मलावरोधासारखी क्षुल्लक वाटणारी तक्रारही येथे गंभीरपणे घेतली जाते, कारण कुंथताना छातीतील दाब वाढून हृदयाची गती व रक्तदाब एकदम बदलतात. म्हणून मळ मऊ राहील असे औषध दिले जाते आणि शक्य असेल तिथे खाटेवरच्या भांड्याऐवजी खाटेशेजारच्या खुर्चीसारख्या आसनाचा उपयोग केला जातो.

अतिदक्षता विभागात दिवस-रात्र सारखीच उजळलेली असते, यंत्रे सतत वाजत असतात आणि नातेवाईक दाराबाहेर असतात. यामुळे, विशेषतः वृद्ध रुग्णांना, वेळ-काळाचे भान सुटून भ्रम होऊ लागतात. रात्री दिवे मंद करणे, चष्मा व श्रवणयंत्र परत देणे, वार आणि वेळ सांगत राहणे, घरच्या माणसाला थोडा वेळ आत येऊ देणे हे यावरचे प्रभावी उपाय आहेत. यंत्रांच्या इशाऱ्यांविषयीही विवेक लागतो : प्रत्येक क्षुल्लक कारणाने वाजणारी घंटा कानाआड होऊ लागते आणि तिच्यात खरा इशारा हरवतो, म्हणून प्रत्येक रुग्णासाठी इशाऱ्याच्या मर्यादा त्याच्या प्रकृतीनुसार ठरवणे आणि छातीवर चिकटवलेल्या पट्ट्या वेळेवर बदलणे हेही जाणत्या परिचर्येचे अंग आहे. पडद्यावरचा आलेख चांगला दिसत असूनही रुग्ण थंड, घामेजलेला आणि अस्वस्थ असेल, तर विश्वास ठेवायचा तो रुग्णावर.

वजनकाटा, मीठ आणि दुर्बल हृदय

झटक्यातून वाचलेल्या, तसेच वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्या अनेकांचे हृदय पुढे दुर्बल होते, आणि शरीराला लागेल तेवढे रक्त ते ढकलू शकत नाही. या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडणे असा त्याचा अर्थ नाही. रक्त मागे तुंबल्याने पाणी फुप्फुसात व पायांत साठते, जिना चढताना धाप लागते, आडवे झाल्यावर श्वास कोंडतो म्हणून उशा वाढत जातात आणि संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्याचा वण उमटतो. रात्री किती उशा लागतात, हा परिचारिकेचा प्रश्न म्हणूनच सहज विचारलेला नसतो. कालपर्यंत एक लागत होती आणि आज तीन लागतात, एवढ्या उत्तरातून फुप्फुसातील पाणी वाढल्याचे तिला कळते.

या आजारात सर्वांत उपयोगी घरगुती साधन म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करून ते वहीत लिहावे, आणि तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर ती चरबी नसून पाणी आहे असे समजून डॉक्टरांशी संपर्क साधावा, असे शिकवले जाते. मिठाविषयीचे शिक्षणही प्रत्यक्ष स्वयंपाकघरात उतरावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मिठाची आहे. पण मराठी घरात वरून घेतलेले मीठ बंद केले तरी लोणचे, पापड, सांडगी मिरची, फरसाण, सुकी मासळी आणि बेकरीतला पाव यांतून ते पोटात जातच राहते. ‘मीठ कमी करा’ एवढे सांगून न थांबता ताटातील नेमके काय वगळायचे हे सांगणारी परिचारिका रुग्णाला पुन्हा दाखल होण्यापासून वाचवते. अमेरिकेतील सेंट लुईस येथे सत्तरीच्या पुढच्या २८२ रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परिचारिकांच्या पुढाकाराने शिक्षण, आहाराचा सल्ला आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा मिळालेल्या गटात या आजारामुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण निम्म्याहूनही अधिक घटले होते.

औषधांबाबतही अशीच डोळस शिस्त लागते. डिगॉक्सिन देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट नाडी मोजतात आणि ती साठच्या खाली असेल तर मात्रा न देता डॉक्टरांना विचारतात. मळमळ किंवा डोळ्यांपुढे पिवळेपणा ही ते औषध शरीरात जास्त झाल्याची खूण असते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सकाळी देतात, नाहीतर वृद्ध रुग्ण रात्री वारंवार उठून अंधारात पडण्याची भीती असते. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी बसूनच घ्यावी लागते, कारण तिने रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने रक्तातील चकत्यांना (प्लेटलेट्सना) एकमेकींशी चिकटू न देणाऱ्या गोळ्या स्वतःहून, किंवा दात काढायचा आहे म्हणून हृदयतज्ज्ञांना न विचारता, बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

झडपा आणि पेनिसिलीन

हृदयविकार हा फक्त उतारवयाचा आणि सुखवस्तूंचा आजार नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे होणाऱ्या घशाच्या संसर्गानंतर सांधे सुजवणारा संधिवाताचा ताप येऊ शकतो, आणि तो वारंवार येत राहिला तर हृदयाच्या झडपा आकसतात किंवा गळू लागतात. दाटीवाटीच्या आणि गरिबीच्या वस्तीत हा आजार अधिक आढळतो, आणि पुष्कळ मुलींमध्ये तो पहिल्या गरोदरपणात धाप लागू लागल्यावर प्रथम उघड होतो. त्याला अटकाव करणारा उपाय साधा आहे : बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, कित्येक वर्षे न चुकता. ते घट्ट आणि दुखरे असते, सुईत अडकते आणि क्वचित तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते. म्हणून ते जाड सुईने कुल्ल्याच्या स्नायूत खोल व सावकाश देणारी, ॲड्रेनॅलीन जवळ तयार ठेवणारी आणि पुढची तारीख चुकली तर मुलाच्या घरी निरोप धाडणारी परिचारिका हाच या उपचाराचा कणा असतो.

कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला लोक ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणतात ती आयुष्यभर घ्यावी लागते आणि तिचा परिणाम आयएनआर या तपासणीने मोजावा लागतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांसारख्या हिरव्या भाज्यांतील क जीवनसत्त्व नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. त्यामुळे पालेभाज्या सोडाव्यात असे नाही, तर दर आठवड्याला त्या साधारण सारख्या प्रमाणात खाव्यात, आणि अंगदुखीची गोळी किंवा गावठी काढा परस्पर घेऊ नये, असे सांगितले जाते.

धमनी आणि शीर : परस्परविरुद्ध नियम

रक्तवाहिन्यांच्या विकारांत सामान्य माणसाची सर्वांत जास्त गल्लत पायांच्या बाबतीत होते. पायाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद झाली तर थोडे अंतर चालताच पोटऱ्या भरून येतात आणि थांबल्यावर बरे वाटते. पाऊल गार व फिके पडते, त्यावरचे केस झडतात आणि रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्यावर वेदना कमी होते. याउलट पायाकडून रक्त परत आणणाऱ्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या तर शिरा फुगून निळसर दिसतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते, तिथे चिघळत राहणारी जखम होते आणि पाय उंच ठेवल्यावर आराम पडतो. दोन्ही आजारांची परिचर्या म्हणूनच परस्परविरुद्ध आहे : शिरेच्या जखमेवर घट्ट दाबपट्टी हा मुख्य उपचार आहे, आणि तीच पट्टी धमनीचा आजार असलेल्या पायावर बांधली तर उरलेसुरले रक्तही थांबून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून पट्टी बांधण्यापूर्वी घोट्यातील आणि दंडातील वरच्या रक्तदाबांचे गुणोत्तर काढतात; ते ०.९ किंवा त्याहून कमी असेल तर धमनीत अडथळा असल्याचे समजतात.

तंबाखूचा धमन्यांशी असलेला संबंध सर्वांत निर्दयपणे दिसतो तो बर्गरच्या आजारात. १९०८ मध्ये लिओ बर्गर यांनी सविस्तर वर्णन केलेल्या या आजारात विडी-सिगारेट ओढणाऱ्या, बहुधा पंचेचाळिशीच्या आतल्या पुरुषांच्या हातापायांच्या लहान धमन्या सुजून बंद होतात आणि बोटे काळी पडून झडू लागतात. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच आजार थोपवण्याचा खात्रीचा मार्ग असल्याने, व्यसन सोडवण्यासाठीचे समुपदेशन हे येथे मलमपट्टीइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे परिचर्याकर्म ठरते. अशा पायाला आणि मधुमेही पायाला शेकासाठी गरम पाण्याची पिशवी लावू नये, कारण संवेदना मंदावलेल्या कातडीला भाजल्याचे कळत नाही. अनवाणी चालू नये आणि रोज तळवे आरशात पाहावेत.

बाळंतपणानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली तर घरातली माणसे मायेने तेल लावून चोळून देतात. ही सूज खोल शिरेतल्या गुठळीची असेल तर चोळण्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून अशी पोटरी मुळीच चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

रुग्णालयाबाहेरची परिचर्या

झटका, पक्षाघात आणि दुर्बल हृदय या तिन्हींच्या मुळाशी असलेला उच्च रक्तदाब बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, म्हणून तो शोधण्याचे आणि आटोक्यात ठेवण्याचे काम रुग्णालयापेक्षा गावपातळीवर अधिक होऊ शकते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांमध्ये महाराष्ट्राचा समावेश होता आणि भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून येथे आरंभ झाला. ठरावीक औषधक्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद, घराजवळच्या केंद्रात मिळणाऱ्या गोळ्या आणि न आलेल्यांचा पाठपुरावा ही त्याची सूत्रे असून ती प्रत्यक्षात आणणाऱ्या हातांमध्ये परिचारिका, आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांचे हात मोठ्या प्रमाणावर आहेत. रक्तदाब मोजणे सोपे दिसते, परंतु रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला नसेल, हात आधाराविना लोंबत असेल, दंडापेक्षा पट्टा लहान असेल किंवा मोजताना गप्पा चालू असतील तर आकडा खोटा वाढतो आणि निरोगी माणसाच्या मागे आयुष्यभराच्या गोळ्या लागू शकतात.

हे सर्व काम किती नीट होईल ते शेवटी एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत यावर ठरते. संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवून दिले की परिचारिकेकडील सरासरी रुग्णसंख्येत एकाची भर पडली की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात अतिदक्षता विभागासाठी एका रुग्णामागे एक परिचारिका हे प्रमाण धरलेले आहे. ज्या विभागात एकीला चार-पाच गंभीर रुग्ण सांभाळावे लागतात, तिथे यंत्रे कितीही महागडी असली तरी साठ वर्षांपूर्वी सिद्ध झालेले दक्षतेचे तत्त्वच गमावलेले असते. म्हणून रुग्णालय निवडताना आणि शासनाकडे मागणी करताना नागरिकांनी यंत्रांच्या जोडीने परिचारिकांच्या भरलेल्या पदांचीही चौकशी केली पाहिजे, आणि घरी सोडताना सिस्टर जे सांगतात ते घाईत ऐकून न घेता कोणती गोळी कधी घ्यायची, वजन किती वाढले तर यायचे आणि कोणत्या लक्षणाला रात्रीसुद्धा थांबायचे नाही, या तीन गोष्टी त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात.